मुरूम भरायच्या आधी

नागपुरात बेलतरोडीकडे आम्ही घर बांधायला काढलं. तिथली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, त्यामुळे कॉलम आणि जमिनीतला बीम इंजिनिअरनं स्वतः उभं राहून करून घेतले. घोळ झाला तो त्यावरच्या, जोत्यापर्यंतच्या नऊ इंची वीटकामात.

संध्याकाळी साइटवर गेले तर मागच्या भिंतीतून पलीकडच्या बल्बचा उजेड दिसत होता. उभ्या सांध्यांत सिमेंट-रेतीचा माल भरलाच नव्हता. चार-चार थर सांध्यावर सांधा, अख्ख्या विटांच्या जागी अद्धे, आडवे सांधे कुठे बोटभर तर कुठे अंगठ्याहून जाड. खिळ्यानं सांधा खरवडला तर माल रेतीसारखा भुरभुर गळला.

ठेकेदार म्हणाला, "ताई, हे सारं मुरमाखाली जाते. दिसते कोणाले?"

माझी चिंता नेमकी तीच होती. आतून मुरूम भरून, पाणी मारून ठोकला की तो भिंतीला बाहेर ढकलतो. तो रेटा सोसायचा तर भिंत एकसंध हवी. शिवाय वर प्लिंथ बीम, म्हणजे जोत्यावरचा काँक्रीटचा बीम, पडला की खालचं काही खोलायचं म्हणजे दहापट उपद्व्याप.

मग त्यानं विटांच्या भट्टीवर खापर फोडलं. म्हणून दोन विटा एकमेकींवर वाजवल्या, खणखणीत आवाज. कमरेएवढ्या उंचीवरून टाकली, तरी फुटली नाही. विटा चांगल्याच होत्या. त्या ट्रकमधून उतरवून कोरड्याच लावल्या होत्या. कोरडी वीट मालातलं पाणी पिऊन टाकते आणि सिमेंट धरतच नाही.

दुसऱ्या दिवशी इंजिनिअरनं ओळंबा लावला. मागची भिंत तीन फुटांत जवळजवळ इंचभर बाहेर! त्यांनी तिथेच डायरीत लिहिलं: मागची भिंत पूर्ण उतरवायची, बाकीच्यांचे सांधे अर्धा इंच खोल उकरून, धुऊन पुन्हा मालानं भरायचे, तोवर बीमचं सेंट्रिंग (साचा) नाही. खाली ठेकेदाराची सही घेतली. माझ्या मते सगळी जादू त्या सहीत होती. तोंडी सांगितलेलं "हो ताई, करून टाकतो" मी त्याआधी पुष्कळ ऐकलं होतं.

शेजारचे काका म्हणत होते, जास्त ताणू नका, काम सोडून पळेल. पण त्याचं बिल माझ्याकडे अडकलेलं होतं, तो कुठे जाणार? तोडायची-बांधायची मजुरी त्याची, सिमेंट-रेती निम्मी-निम्मी असं ठरलं. निम्मंसुद्धा मी का द्यावं, यावर घरी बरीच वादावादी झाली. पाऊस तोंडावर होता, म्हणून मी मान्य केलं.

या वेळी बालाघाटकडचा एक वयस्क मिस्त्री आला. त्यानं आधी विटा टाक्यात बुडवल्या, बुडबुडे थांबेपर्यंत हातच लावला नाही. कोपरे आधी उचलले, दोरी बांधली, खाच वर ठेवून वीट बसवली. माल एकास सहा, म्हणजे एक भाग सिमेंटला सहा भाग रेती, तोही थोडा-थोडा कालवून. अर्ध्या तासाहून जुना झाला की फेकायचा. सांधे सगळीकडे दहा मिलिमीटरच्या आसपास. ठेकेदाराला हा वेग परवडत नव्हता, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

सात दिवस पाणी मारणं मी कुणावर सोडलं नाही. सकाळी ऑफिसआधी मीच पाइप धरायचे. त्यानंतर प्लिंथ बीम पडला, आणि तो पक्का झाल्यावर मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत भरून ठोकून घेतला. ठेकेदाराचं अडवलेलं बिल मी डायरीत इंजिनिअरची सही पडल्यावरच चुकतं केलं.