मानमोडी म्हणून सोडून दिलेली मरतुक

डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले आणि भोपाळच्या प्रयोगशाळेने त्यांच्या नमुन्यांत एच५एन१ हा बर्ड फ्लूचा विषाणू असल्याचे सांगितले, तेव्हा आमच्या भंडारा जिल्ह्यात हळहळ झाली ती वाघांची. कोंबड्यांचा विषय फारसा कोणी काढला नाही.

हा विषाणू माणसाला सहजासहजी लागत नाही. पेशीत शिरण्यासाठी त्याला ज्या प्रकारचे ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे पेशीवर विषाणू जिथे चिकटतो ते रेणू) लागतात ते पक्ष्यांत मुबलक असतात. माणसात मात्र ते मुख्यतः फुप्फुसात खोलवर असल्याने लागण क्वचित होते, झाली तर बहुधा जिवावर बेतते, आणि एकाच्या खोकल्यातून दुसऱ्याला सहसा होत नाही. २००३ पासून जगभरात नोंदल्या गेलेल्या नऊशेहून अधिक रुग्णांपैकी जवळपास निम्मे दगावले. सौम्य लागण नोंदीत येत नाही हे धरूनही हे प्रमाण भयंकर आहे. महासाथीचा धोका आहे तो विषाणू बदलून माणसाच्या नाकाघशात वाढू लागण्याचा. १९५७ आणि १९६८ च्या महासाथी पक्ष्यांच्या व माणसांच्या फ्लू विषाणूंची जनुके एकत्र येऊनच उद्भवल्या होत्या. विषाणू जितक्या वेळा माणसापर्यंत पोहोचेल, तितकी त्याला बदलण्याची संधी अधिक.

आमच्याकडे ही संधी परसात मिळते. हिवाळ्यात मामा (माजी मालगुजारी) तलावांवर पाहुणी बदके उतरतात, त्याच काठावर गावठी कोंबड्या चरतात आणि डुकरेही लोळतात. एखाद्या सकाळी डाल्याखाली तुरा काळानिळा पडलेली, तोंड सुजलेली कोंबडी मरून पडलेली दिसली, की मानमोडी, म्हणजे कोंबड्यांचा राणीखेत रोग, आली असे म्हणून उरलेल्या कोंबड्या घाईने कापल्या जातात किंवा आठवडी बाजारात विकल्या जातात. नीट शिजवलेल्या मांसाचा धोका नाही. धोका आहे तो आजारी कोंबडी कापताना आणि सोलताना, आणि हे काम बहुतेक घरांत बाईच करते.

तिला दोष देणे मला पटत नाही. नुकसानभरपाई मिळते ती सरकारने मारलेल्या पक्ष्यांची, आधीच मेलेल्यांची नाही. शिवाय रोग ठरला की एक किलोमीटरच्या परिघातील सगळी खुराडी रिकामी केली जातात, आणि खबर कोणी दिली हे शेजारीण विसरत नाही. मेलेल्या पक्ष्यांचेही पैसे खबर देणारीच्या हाती पुढच्या बाजाराआधी पडणार नसतील, तर पशुवैद्यकीय दवाखान्यापर्यंत ती कशाला जाईल?