क्रोशाचा रुमाल आणि बंद पडलेला डॅशबोर्ड

मिरजेच्या घरातल्या कॅमेऱ्यावर आईने क्रोशाचा रुमाल टाकला, आणि त्याच आठवड्यात जर्मनीतल्या लाइपझिगमधील आमच्या कार्यालयात, मी तीन आठवडे खपून तयार केलेला डॅशबोर्ड तूर्त बंद ठेवण्याचा निर्णय झाला. हे दोन प्रसंग सहा महिन्यांच्या अंतराने घडले असते, तर दोन्ही वेळा माझी थोडी चिडचिड झाली असती आणि विषय तिथेच संपला असता. ते लागोपाठ घडल्यामुळे गेला महिनाभर माझ्या डोक्यात दुसरे काही नाही.

आधी कार्यालयातले सांगतो. आमच्या चमूकडे येणाऱ्या तक्रारींचा निपटारा उशिरा होतो, असे वरिष्ठांचे म्हणणे होते. मी तिकिटांच्या, म्हणजे तक्रारींच्या नोंदींच्या, प्रणालीतून माहिती उचलून एक पडदा तयार केला. कोणाकडे किती तिकिटे आहेत, पहिले उत्तर किती मिनिटांत गेले, कोणी किती निकालात काढली, हे सारे त्यावर नावानिशी दिसत असे. कामाची वाटणी समान व्हावी एवढाच माझा हेतू होता आणि आजही मी तो मनापासून मांडू शकतो. पडदा चांगला झाला होता, व्यवस्थापकांनाही आवडला होता. तो सर्वांसाठी खुला करण्याच्या आदल्या दिवशी ‘बेट्रीब्सराट’कडून बोलावणे आले.

बेट्रीब्सराट म्हणजे कर्मचाऱ्यांनी दर चार वर्षांनी गुप्त मतदानाने निवडून दिलेली परिषद. ती कामगार संघटनेहून वेगळी असते आणि तिच्या निवडणुकीत माझ्यासारख्या परदेशी नागरिकालाही मत देता येते. या परिषदांविषयीच्या १९७२ च्या कायद्यातील कलम ८७ प्रमाणे, कर्मचाऱ्यांच्या वागणुकीवर किंवा कामगिरीवर लक्ष ठेवणारे कोणतेही तांत्रिक साधन या परिषदेच्या संमतीशिवाय मालकाला वापरात आणता येत नाही. दोन्ही बाजूंचे जमलेच नाही, तर लवादासारखे एक मंडळ बसते आणि ते निर्णय देते. मी इथे येऊन सहा वर्षे झाली, मतदानही केले आहे, पण या कलमाशी माझी गाठ कधी पडली नव्हती.

बैठकीत परिषदेच्या ज्या सदस्या बोलल्या त्या साठीच्या आसपासच्या, जन्माने लाइपझिगच्याच. त्यांनी आवाज चढवला नाही. हे आकडे कोण पाहणार, कशासाठी पाहणार, किती दिवस साठवणार, आणि एखाद्याचे आकडे सलग दोन महिने कमी दिसले तर त्याच्याविषयी व्यवस्थापकाचे मत बनण्यापासून कोण थांबवणार, असे त्यांनी एकेक करून विचारले. पहिल्या तिन्हींची उत्तरे मी दिली. चौथ्यावर मी म्हणालो, की आमचा तसा उद्देशच नाही. त्या म्हणाल्या, “तुमच्या उद्देशाबद्दल मला शंका नाही. या साधनाने ते करता येते का, एवढेच मी विचारते आहे.” करता येत होते. मीच तर ते तसे बांधले होते.

नंतर मी या विषयावर बरेच वाचले. इथली श्रम न्यायालये अनेक दशके हीच कसोटी लावत आली आहेत. मालकाच्या मनात काय आहे याला महत्त्व नसते, साधनाने पाळत ठेवणे शक्य आहे की नाही हे पाहिले जाते. २०१८ मध्ये एरफुर्टच्या संघीय श्रम न्यायालयाने तर एक्सेलच्या साध्या तक्त्यात हजेरी नोंदवण्यालाही हेच कलम लागू असल्याचे म्हटले. ज्या एक्सेलवर आपली अर्धी कार्यालये चालतात, त्याचा तक्ता उघडण्याआधी कर्मचाऱ्यांना विचारायचे, ही कल्पना मला पहिल्यांदा वाचताना अतिरेकी वाटली. दुसऱ्यांदा वाचताना मात्र मला पुण्यातली माझी जुनी नोकरी आठवली.

त्या कंपनीत प्रत्येकाच्या संगणकावर एक प्रोग्राम बसवलेला होता. दर दहा मिनिटांनी तो आमच्या पडद्याचे चित्र टिपून साहेबांकडे पाठवत असे. जेवायला उठलो तरी नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा होईल या धास्तीने आम्ही डबा टेबलावरच उघडत असू. कोणी आमची संमती घेतली नव्हती आणि ती घ्यायला हवी होती असे आमच्यापैकी कोणाच्या मनातही आले नाही. इथे आल्यावर पहिले वर्षभर मी संदेशांच्या अ‍ॅपमधल्या तशाच ठिपक्याकडे पाहत राहिलो. शेवटी शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याने विचारले, की तुला सारखे कोणाला संदेश पाठवायचे असतात का? आणि तोच मी, कोणी सांगितलेले नसताना, इतरांसाठी तसाच पडदा बांधून बसलो होतो. याचे मला खरोखर वाईट वाटले.

त्या शनिवारी पत्नी आणि मुलीला घेऊन मी ‘रुंडे एके’ या संग्रहालयात गेलो. पूर्व जर्मनीच्या काळात गुप्त पोलिसांचे, म्हणजे श्टाझीचे, जिल्हा कार्यालय याच इमारतीत होते. ४ डिसेंबर १९८९ च्या संध्याकाळी निदर्शने करणाऱ्या नागरिकांनी ते ताब्यात घेतले, कारण आतले लोक कागदपत्रे नष्ट करत असल्याचा संशय होता. लोकांची पत्रे वाफेवर उघडून, वाचून, पुन्हा चिकटवून पाठवणारी यंत्रे तिथे मांडून ठेवली आहेत. माणसाचा वास साठवलेल्या काचेच्या बरण्याही आहेत, कुत्र्यांना माग काढता यावा म्हणून जपलेल्या. देशभरात मागे राहिलेल्या कागदांची लांबी १११ किलोमीटर भरते. आमच्या परिषदेच्या त्या बाई १९८९ मध्ये पंचविशीच्या आत-बाहेर असतील. त्यांच्या प्रश्नांमागे काय उभे होते, ते मला त्या बरण्यांपुढे उभे राहिल्यावर उमजले.

इथल्या लोकांचे सगळेच मला पटते असे मात्र नाही. २०१० मध्ये गुगलने रस्त्यांची छायाचित्रे आणली तेव्हा जर्मनीतील सुमारे २,४४,००० कुटुंबांनी आपली घरे पुसट करून घेतली. रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही दिसणारी भिंत लपवून काय साधले, हे मला आजही कळलेले नाही. जेवणाच्या टेबलावर एक सहकारी जेव्हा म्हणाला, की तुमच्या देशात तर सगळ्यांच्या बोटांचे ठसे सरकारजवळ असतात, तेव्हा मला ते चांगलेच लागले. मी त्याला सांगितले, की आधारचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावातल्या एका बाईला मिळाला. ज्यांच्याजवळ ओळखीचा एकही कागद नव्हता अशा माणसांच्या देशात त्या क्रमांकाचे मोल वेगळे असते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी आमच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, हेही सांगितले. आणि घर बदलल्यावर दोन आठवड्यांच्या आत घरमालकाची सही घेऊन पालिकेत नाव नोंदवायची सक्ती तर तुमच्याकडे आहे, तिच्याबद्दल तुम्ही कोणी काही बोलत नाही, असेही मी म्हणालो. तो गप्प झाला. मला त्या वेळी समाधान वाटले, आणि मी जे म्हणालो त्यातला एकही शब्द मला आज मागे घ्यावासा वाटत नाही.

त्याच संध्याकाळी फोनवर मिरजेचा दिवाणखाना उघडला तर पांढरी जाळी दिसली. तिच्या भोकांतून ट्यूबलाइटचे ठिपके झिरपत होते. कॅमेरा बिघडला असे समजून मी फोन केला.

“बिघडला नाही, मी रुमाल टाकलाय,” आई म्हणाली.

दोन वर्षांपूर्वी बाबा रात्री न्हाणीघरात घसरून पडले होते. आईला त्यांना उचलता येईना. शेजारच्या काकूंना हाक ऐकू जाईपर्यंत पाऊण तास गेला आणि मला सकाळी कळले. मिरजेत डॉक्टरांना तोटा नाही, पण डॉक्टरांपर्यंत नेणारे माणूस घरात हवे, आणि ते माणूस साडेसहा हजार किलोमीटरवर होते. त्या दिवाळीत मी दिवाणखान्यात कॅमेरा बसवला. न्हाणीघराचे दार त्यात दिसते. चौदा महिने मी रोज तो पाहत होतो, आणि बाबांची आठची गोळी राहिली हे इथून दोन-तीनदा मीच लक्षात आणून दिले. माझ्या लेखी ही काळजी होती.

“तुझ्या बाबांचं बरं आहे,” आई म्हणाली, “ते दिवसभर पेपर घेऊन एका जागी बसतात. मला दुपारी दमून पंख्याखाली फरशीवर आडवं व्हायचं असलं तरी वाटतं, तिकडं कोण बघत असेल. हळदीकुंकवाला बायका आल्या, तर काकूंनी विचारलं, हे चालू असतं का गं? मी काय सांगायचं त्यांना?”

मी म्हणालो, की आई, मीच तर बघतो, दुसरे कोणी नाही.

“ते मला माहीत आहे रे. पण लावताना तू बाबांना विचारलंस. मला कुठं विचारलंस?”

त्या क्षणी मला परिषदेच्या बाईंचा चौथा प्रश्न आठवला. माझा उद्देश आईलाही मान्य होता आणि तरीही तिला चौदा महिने स्वतःच्या घरात अवघडून वावरावे लागले होते.

कार्यालयातली तडजोड चार महिन्यांनी होईल असे दिसते. मसुदा माझ्या हाती आला आहे. आकडे चमूचे दाखवायचे, एकट्यादुकट्याचे नाहीत, पाचांपेक्षा लहान गट करायचा नाही, मूळ नोंदी चौदा दिवसांनी पुसायच्या आणि पगारवाढीच्या किंवा कामावरून काढण्याच्या निर्णयात त्यांचा आधार घ्यायचा नाही. चार महिने ही दिरंगाई आहे असे मी अजूनही म्हणतो. पुण्यात हे काम चार दिवसांत सुरू झाले असते. मसुद्यात मात्र मला काही खोडता आले नाही.

मिरजेचे आम्ही एका रविवारी ठरवले, या वेळी दोघांनाही फोनसमोर बसवून. कॅमेरा आता दिवाणखान्यातून निघाला आहे आणि जिन्याकडच्या दारावर आहे, आवाजाचे ध्वनिमुद्रण बंद आहे. न्हाणीघरात धरायला दांडा बसवला आणि बाबांच्या उशाजवळ काकूंच्या घरी वाजणारी घंटा लावली, हे मला दोन वर्षांपूर्वीच सुचायला हवे होते. पहिल्या वर्षी तिथे कॅमेरा हवाच होता, असे मी आईला म्हणालो, आणि तिने ते मान्यही केले. तिची अट एकच होती. बघायचे असेल तेव्हा फोन करायचा.

म्हणून सध्या मी जेवणाच्या सुट्टीत साडेबारा वाजता फोन करतो. मिरजेत तेव्हा पाच वाजलेले असतात, चहाची वेळ असते. परवा बाबांनी आधी आईला विचारले, “लावू का गं व्हिडिओ?” तिने केस नीट केले, आणि मग लाव म्हणाली.