इंजिन आधी, एडिटर नंतर: ८ जीबीच्या लॅपटॉपवर गेम लिहिताना

जळगाव, भुसावळ, धुळे या पट्ट्यातल्या अभियांत्रिकीच्या मुलांशी गेम बनवण्याविषयी बोलणे निघाले, की पहिला प्रश्न बहुधा "भाऊ, कोड कोणत्या एडिटरमध्ये लिहू?" हाच असतो. त्याचे सरळ उत्तर देण्याआधी मी दोन गोष्टी विचारून घेतो: इंजिन, म्हणजे गेम ज्यावर उभा करायचा ते मूळ सॉफ्टवेअर, कोणते घेतले आहेस, आणि लॅपटॉपला रॅम किती आहे? वेबसाइट लिहिणाऱ्याला आपल्या सवयीचा एडिटर घेऊन कोणत्याही प्रकल्पात शिरता येते, कारण त्याचा जवळजवळ सगळा कारभार मजकुराच्या फाइलींमध्येच असतो. गेमचा अर्धा संसार मात्र कोडच्या बाहेर, म्हणजे सीनमध्ये (गेममधल्या दृश्याच्या मांडणीत), इन्स्पेक्टर या गुणधर्मांच्या चौकटीत भरलेल्या आकड्यांमध्ये, बटणांना जोडलेल्या फंक्शनांमध्ये मांडलेला असतो. हा बाहेरचा अर्धा भाग एडिटरला किती दिसतो, यावर त्याची निवड ठरावी असे माझे मत आहे; रंगसंगती आणि शॉर्टकट यांचा विचार त्यानंतरचा.

नवशिक्याने गोडो हे इंजिन घेतले असेल तर पहिले काही महिने त्याने बाहेरचा एडिटर शोधूच नये. गोडोच्या आतच जीडीस्क्रिप्ट या त्याच्या स्वतःच्या भाषेचा एडिटर आहे आणि तो नावापुरता नाही. सीनमधला नोड, म्हणजे सीनचा एक घटक, ओढून कोडवर सोडला की त्याचा मार्ग आपोआप लिहिला जातो, कंट्रोल दाबून सोडला तर 'ऑनरेडी' (नोड तयार झाल्यावर किंमत घेणाऱ्या) व्हेरिएबलची पूर्ण ओळ तयार होते, आणि कोणत्याही वर्गाचे दस्तऐवज इंटरनेट नसतानाही तिथेच उघडतात. शेवटची सोय आमच्याकडे किती मोलाची आहे, हे जामनेर किंवा शहाद्याच्या एखाद्या खेड्यात मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्याला वेगळे सांगावे लागणार नाही. त्यात गोडो २०१४ पासून मुक्तस्रोत आहे, त्याचा परवाना एमआयटीचा आहे आणि त्याचे डाउनलोड इतर मोठ्या इंजिनांच्या तुलनेत फारच लहान आहे, त्यामुळे जुन्या लॅपटॉपवर सुरुवात करण्यासाठी मी तरी दुसरे नाव घेत नाही. लॅपटॉपचे ग्राफिक्स जुने असतील तर प्रकल्प तयार करतानाच 'कंपॅटिबिलिटी' हा रेंडरर, म्हणजे चित्र रेखाटणारा भाग, निवडावा.

प्रकल्प वाढतो, शंभरेक स्क्रिप्ट होतात, गिट या कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनातल्या शाखा सांभाळाव्या लागतात, आणि मग व्हीएस कोड या मायक्रोसॉफ्टच्या एडिटरची आठवण येते. तेव्हा गोडोच्या एडिटर सेटिंग्जमध्ये 'टेक्स्ट एडिटर' या विभागाखाली 'एक्स्टर्नल' हा भाग उघडावा, बाहेरचा एडिटर वापरण्याची खूण करावी आणि व्हीएस कोडच्या कार्यक्रमाचा मार्ग द्यावा. त्याखालची 'एक्झेक फ्लॅग्ज' ही ओळ बरेच जण कोरी ठेवतात. तिथे प्रकल्प, फाइल, ओळ आणि स्तंभ यांच्या खुणा नीट भरल्या, तरच गोडोमधल्या त्रुटीवर टिचकी मारल्यावर एडिटर नेमक्या त्या ओळीवर उघडतो. बाहेर बदललेली स्क्रिप्ट गोडोने स्वतःहून पुन्हा वाचावी यासाठीचा पर्यायही चालू करून घ्यावा, नाहीतर दोन्हीकडे एकाच फाइलच्या दोन आवृत्त्या उघड्या राहतात आणि कोणती कोणाला पुसणार याचा भरवसा राहत नाही.

व्हीएस कोडमध्ये 'गोडो टूल्स' हे एक्स्टेंशन टाकल्यानंतरही शब्दपूर्ती येत नाही, अशी तक्रार मी सतत ऐकतो. कारण साधे आहे. जीडीस्क्रिप्ट समजून घेणारा लँग्वेज सर्व्हर व्हीएस कोडमध्ये नसून गोडोच्या आत चालतो, म्हणून तोच प्रकल्प गोडोमध्ये उघडा असावा लागतो आणि दोघांचा पोर्टही, म्हणजे संवादाचा क्रमांकही, जुळावा लागतो. गोडो ३ मध्ये हा पोर्ट मुळात ६००८ होता आणि गोडो ४ मध्ये तो ६००५ झाला, त्यामुळे जुना व्हिडिओ पाहून मांडलेली जोडणी नव्या आवृत्तीत मुकी राहते. ४.२ पासून पुढे हा सर्व्हर गोडोची खिडकी न उघडता, पडद्यामागेही चालवता येतो, आणि रॅम तोकडी असलेल्याने केवळ कोड लिहिण्याच्या बैठकीसाठी ती सोय अवश्य वापरावी.

एडिटर आणि भाषा यांच्यातल्या या संवादाचा सामायिक नियम मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये खुला केला. त्याचा खरा लाभ असा, की निओव्हिमसारखा (कीबोर्डवर चालणाऱ्या जुन्या व्हिमच्या नव्या रूपासारखा) हलका एडिटरही त्याच सर्व्हरशी बोलू शकतो. व्हिमची बोटांना सवय असलेल्याने तो सोडण्याचे कारण नाही. ज्याला सवय नाही त्याने गेम आणि व्हिम एकाच वेळी शिकायला घेऊ नये.

युनिटी या दुसऱ्या इंजिनाची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे आत एडिटर नाहीच. एके काळी मोनोडेव्हलप हे एडिटर सॉफ्टवेअर सोबत येत असे. २०१८ च्या आवृत्तीपासून ते बंद झाले आणि विंडोजवर व्हिज्युअल स्टुडिओ कम्युनिटीने त्याची जागा घेतली. ते व्यक्तिगत वापराला मोफत आहे, डीबगिंगला, म्हणजे चुका शोधायला, भक्कम आहे, परंतु डिस्कवर भरपूर जागा मागते. १६ जीबी रॅमच्या यंत्रावर मी कोणालाही निःशंकपणे तेच सुचवेन. ८ जीबीच्या यंत्रावर मात्र विंडोज, युनिटी आणि ब्राउझरच्या चार टॅब झाल्या की हाती फारसे काही उरत नाही, आणि तिथे व्हीएस कोडची तडजोड करावी लागते.

ही तडजोड नीट चालायची असेल तर मायक्रोसॉफ्टचे 'युनिटी' या नावाचे एक्स्टेंशन घ्यावे, त्याच्याबरोबर सी शार्प या युनिटीच्या भाषेची आवश्यक एक्स्टेंशने आपोआप येतात. युनिटीच्या बाजूला पॅकेज मॅनेजरमध्ये 'व्हिज्युअल स्टुडिओ एडिटर' हे पॅकेज २.०.२० किंवा त्याहून नवे असावे लागते. गंमत अशी, की 'व्हिज्युअल स्टुडिओ कोड एडिटर' या नावाचे दुसरे, जुने पॅकेजही यादीत दिसते आणि नाव पाहून लोक नेमके तेच टाकतात. त्याची देखभाल आता थांबलेली आहे. पुढे प्रेफरन्सेसमधल्या 'एक्स्टर्नल टूल्स'मध्ये व्हीएस कोड निवडून प्रकल्पाच्या फाइली पुन्हा तयार करण्याचे बटण दाबले, की लाल रेघांचा गोंधळ बहुतेक वेळा तिथेच संपतो. व्हीएसकोडियम ही मुक्त आवृत्ती वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे, की मायक्रोसॉफ्टच्या सी शार्प डीबगरचा परवाना त्यांच्या स्वतःच्या एडिटरांपुरताच आहे, त्यामुळे त्या आवृत्तीत ही मांडणी पूर्णपणे चालत नाही.

जेटब्रेन्सचा रायडर हा युनिटी सर्वांत खोलवर जाणणारा एडिटर आहे, हे मी पैसे न मोजताही मान्य करतो. ऑक्टोबर २०२४ पासून तो अव्यावसायिक वापरासाठी मोफत झाला आहे, म्हणजे शिकणाऱ्याला परवडण्याचा प्रश्न उरला नाही. एखादे फंक्शन कोणत्या सीनमधल्या कोणत्या बटणाला जोडलेले आहे, इन्स्पेक्टरमध्ये त्या व्हेरिएबलला कोणती किंमत दिली आहे, हे तो कोडच्या ओळीवरच दाखवतो. गेम विकायला काढला की परवाना विकत घ्यावा लागतो, मोफत परवान्यात वापराची निनावी आकडेवारी पाठवणे बंद करता येत नाही, आणि रॅमच्या बाबतीत तो हात आखडता घेत नाही, या तीन गोष्टी आधीच ठाऊक असाव्यात.

कोडबाहेरचा अर्धा भाग न दिसण्याची किंमत कुठे मोजावी लागते, ते नाव बदलताना आणि फाइल हलवताना कळते. युनिटीमध्ये प्रत्येक फाइलीसोबत एक मेटा फाइल असते, त्या मेटा फाइलीत त्या मालमत्तेची ओळख नोंदलेली असते आणि सीन त्या ओळखीनेच स्क्रिप्टला ओळखतो. युनिटीचे पॅकेज व्हीएस कोडच्या फाइलींच्या यादीतून या मेटा फाइली लपवते, जेणेकरून यादी आटोपशीर दिसावी. परिणामी व्हीएस कोडमध्ये स्क्रिप्ट ओढून दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकली, की मेटा फाइल जुन्या जागीच राहू शकते; तसे झाले की युनिटी नव्या जागी नवी ओळख तयार करते आणि सीनमध्ये 'स्क्रिप्ट सापडत नाही' असा पिवळा इशारा येतो. ओळखीतल्या एका विद्यार्थ्याच्या संघाने सादरीकरणाच्या आदल्या संध्याकाळी फोल्डर 'नीटनेटके' केले आणि शत्रूंच्या साऱ्या प्रीफॅबमधून (तयार साच्यांमधून) स्क्रिप्ट गळून पडल्या. गिट होते म्हणून रात्र वाचली. फाइल हलवायची तर ती युनिटीच्या प्रोजेक्ट खिडकीतच हलवावी, एवढा एक नियम पाळला तरी पुरे.

व्हेरिएबलचे नाव बदलण्यातही हाच सापळा आहे. एफ २ दाबून 'वेग' या अर्थाचे नाव बदलले, की एडिटर सगळ्या कोडमध्ये ते इमानाने बदलतो, पण सीनच्या फाइलीत जुन्या नावाने साठवलेला आकडा अनाथ होतो आणि इन्स्पेक्टरमध्ये मूळ किंमत परत दिसू लागते. यासाठी युनिटीने 'फॉर्मर्ली सीरियलाइज्ड ॲज' ही खूण दिलेली आहे. ती व्हेरिएबलच्या वर लिहून जुने नाव नोंदवावे, सीन साठवून घ्यावेत आणि मगच ती काढावी. गोडोमध्ये सिग्नलला, म्हणजे काही घडल्याच्या संदेशाला, जोडलेल्या फंक्शनचे नाव बदलले तर तीच गत होते, मात्र तिथले सीन वाचता येण्याजोग्या मजकुरात असल्यामुळे व्हीएस कोडमधला संपूर्ण प्रकल्पातला शोध तिथे उपयोगी पडतो. म्हणूनच शोधातून सीनच्या फाइली वगळू नयेत, फक्त 'गोडो' नावाचे लपलेले फोल्डर वगळावे. युनिटीमध्ये 'लायब्ररी' आणि 'टेम्प' ही फोल्डरे फाइलींच्या पाळतीच्या यादीतूनही वगळावीत. पाळतीची यादी हे वेगळे सेटिंग आहे, आणि 'लायब्ररी'मधल्या हजारो फाइलींवर एडिटर डोळा ठेवून बसला तर पंखा विनाकारण फिरत राहतो.

पंख्याचा उल्लेख मी सहज केलेला नाही. मे महिन्यात भुसावळात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा तापलेला प्रोसेसर स्वतःहून आपला वेग कमी करतो आणि हिवाळ्यात सुरळीत चालणारी मांडणी दुपारी अडखळू लागते. त्या दिवसांत मी प्रकल्पागणिक न लागणारी एक्स्टेंशने बंद करतो, उजवीकडचा मिनिमॅप, म्हणजे कोडचा छोटा नकाशा, काढून टाकतो आणि गोडोचे लो प्रोसेसर मोडमधले विश्रांतीचे अंतर थोडे वाढवतो. सकाळी लवकर बसणे हा अर्थात याहून चांगला उपाय आहे.

विजेच्या लपंडावासाठी आपोआप साठवण्याचे सेटिंग लावावेच लागते, पण गेममध्ये ते विचारपूर्वक लावावे लागते. व्हीएस कोडमध्ये दर काही क्षणांनी साठवण्याचा पर्याय निवडला, तर अर्धवट लिहिलेली ओळही साठवली जाते, आणि तेवढ्यात आपण युनिटीच्या खिडकीकडे वळलो तर ती सगळे पुन्हा कंपाइल करून त्रुटींची माळ पुढ्यात टाकते. खिडकी सोडताना साठवण्याचा पर्याय त्यापेक्षा सोयीचा आहे. वीज अचानक गेली तरी न साठवलेल्या मजकुराची प्रत व्हीएस कोड वेगळी राखून ठेवतो. गोडोच्या आतल्या एडिटरमध्ये मात्र ठरावीक सेकंदांनी साठवण्याचे सेटिंग मुळात शून्यावर, म्हणजे बंद असते. ते आठवणीने चालू करावे.

आता देवनागरीकडे येतो, कारण आमच्या गेममधली पात्रे अहिराणी बोलतात. "कथा जाई ऱ्हायना रे भाऊ?" हे वाक्य कोडमध्ये नीट दिसावे यासाठी एडिटरच्या फॉन्टच्या यादीत पहिला लॅटिन मोनोस्पेस फॉन्ट आणि त्यानंतर 'नोटो सान्स देवनागरी' असा क्रम ठेवावा, आणि ओळीची उंची अक्षराच्या दीडपटीहून थोडी अधिक द्यावी, नाहीतर वरच्या मात्रा आणि खालचे उकार छाटले जातात. काही कीबोर्ड जोडाक्षरांसाठी अदृश्य जोडचिन्ह घालतात. व्हीएस कोड अशा चिन्हांभोवती संशयाची चौकट काढतो, ती संवादांच्या फाइलींपुरती बंद करावी, कोडमध्ये मात्र चालूच ठेवावी. संवाद सीएसव्ही फाइलीत ठेवत असाल तर ती बीओएमविना (सुरुवातीच्या अदृश्य खुणेविना) यूटीएफ-८ मध्येच साठवावी, आणि एक्सेलमधून साठवलेली फाइल एडिटरमध्ये उघडून तपासल्याशिवाय गोडोला देऊ नये. गोडो ४ देवनागरी जोडाक्षरे बरोबर जुळवते; युनिटीच्या टेक्स्टमेश प्रो या अक्षरे दाखवणाऱ्या भागात पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते, आणि हा दोष एडिटरच्या कोणत्याही सेटिंगने सुटत नाही.

अनरियल या तिसऱ्या इंजिनाविषयी थोडक्यात एवढेच, की ज्याच्याकडे त्याला पुरेल असे यंत्र आहे त्याने व्हिज्युअल स्टुडिओमध्ये सी प्लस प्लसच्या गेम विकासाचा गट निवडून टाकावा; ८ जीबीवर त्या वाटेला जाऊ नये.

दोघे-तिघे मिळून काम करणार असतील तर कोणती सेटिंग्ज प्रकल्पात आणि कोणती स्वतःकडे, ही वाटणी पहिल्याच दिवशी करावी. जीडीस्क्रिप्टमध्ये मुळात टॅब वापरतात आणि एकाच फाइलीत टॅब व स्पेस मिसळले तर ती चालतच नाही, त्यामुळे समासाचा नियम, यूटीएफ-८ आणि ओळीच्या शेवटाची पद्धत या गोष्टी एडिटरकॉन्फिगच्या फाइलीत लिहून गिटमध्ये टाकाव्यात. वगळण्याच्या फोल्डरांची यादी व्हीएस कोडच्या प्रकल्पातल्या सेटिंग्जमध्ये जावी. फॉन्टचा आकार, रंगसंगती आणि गोडोच्या कार्यक्रमाचा मार्ग या गोष्टी मात्र प्रत्येकाने आपल्या यंत्रावरच्या सेटिंग्जमध्ये ठेवाव्यात, कारण अमळनेरच्या मित्राकडे गोडो डी ड्राइव्हवर असते आणि तुमच्याकडे सी ड्राइव्हवर.