शिवण बाहेरून

"टोचतंय," एवढंच म्हणाली ती, आणि टोपी काढून माझ्या मांडीवर ठेवली.

पाच-सहा वर्षांची पोरगी, नांदेडकडची. कॅन्सरचे उपचार टाटा हॉस्पिटलात, मुक्काम दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत. मी लालबागला चाळीत राहते, तीस वर्षं ब्लाउज शिवलेत, आता या मुलांसाठी टोप्या शिवते. फिटिंगवरून भल्याभल्यांची बोलणी खाल्लीत, पण शिवलेलं असं निमूटपणे कुणी परत केलं नव्हतं.

घरी येऊन टोपी गुडघ्यावर ताणून बघितली. काही कळेना. मग उलटी करून गालावर घासली. मधोमध ओव्हरलॉकची कड, तीही नायलॉनच्या दोऱ्याची. केसांवर घातली असती तर जाणवलीही नसती. पण केमोने केस गेले की डोकं तान्ह्या बाळाच्या टाळूसारखं हळवं होतं. माझी आई बाळाला झबलं उलटंच घालायची, शिवण बाहेर ठेवून. हे मला माहीत होतं, लहानपणापासून बघितलेलं होतं, आणि तरी मी दिसायला सुबक म्हणून शिवण आत घातली. कुणाला दिसायला? बघणाऱ्यांना!

आता शिवण बाहेर, कड दुमडून चपटी बसवते, दोरा सुती. कापड बनियनचं. आधी गरम पाण्यातून काढते, कारण ते आटतं; कापून मग धुतलं तर टोपी बाहुलीला जाईल. सुई अकरा नंबरची, गोल टोकाची. साध्या सुईने या कापडावर टाके सुटतात आणि आपण उगाच मशीनला शिव्या घालत बसतो.

टोप्यांपेक्षा बाह्या जास्त लागतात. बऱ्याच मुलांच्या दंडात पिक लाइन असते. बारीक नळी, दंडाच्या शिरेतून थेट हृदयाजवळ पोचलेली. ती कित्येक आठवडे, महिनेही राहते, आणि दर आठवड्याला तिचं ड्रेसिंग बदलतात. झोपेत नळीचं बाहेरचं टोक कुठे अडकू नये म्हणून वरून बाही. पहिल्या बाहीला मी हौसेने वेलक्रो लावला. रात्री तो उघडताना चर्रर्र असा आवाज झाला आणि पोरगा दचकून उठला, शिवाय गॉजचे धागे त्यात अडकले ते वेगळंच. इलॅस्टिकही नको, दंड आवळतो. एका सिस्टरनी मला पट्टी लावून शिकवलं: बाहीत दोन बोटं सहज गेली पाहिजेत, आणि खाली सरकवली की सगळं ड्रेसिंग दिसलं पाहिजे. ब्लाउजच्या बाहीला मी कुणाला इतकी ढील दिली नसती.

गोधडीचं मात्र सोपं नव्हतं. गाडगेबाबा स्वतः चिंध्यांची गोधडी पांघरून फिरायचे, लोक त्यांना गोधडे महाराज म्हणायचे. तेव्हा त्यांच्या धर्मशाळेत गोधडी न्यायची तर ती जुन्या साडीचीच, असं माझ्या डोक्यात. एका आईची साडी मागून घेतली. पण पांढऱ्या पेशी उतरल्या की मुलाला कशाचाही संसर्ग होऊ शकतो, म्हणून सगळं वरचेवर गरम पाण्यात धुवायचं. आई म्हणाली, "ताई, धुतली की माझा वास जातो ना हो तिचा."

यावर मला उत्तर सुचलं नाही. मी आपली गोधडी पातळ केली, आत कापूस न घालता साडीचे तीनच थर, म्हणजे पंख्याखाली लवकर वाळेल. आणि साडीचा काठ मधे न लावता कडेने लावला. आठवड्याने गेले तर पोरगा झोपलेला, आणि अंगठा त्या काठावरून पुढेमागे चाललेला. आई म्हणाली, तान्हा होता तेव्हा माझ्या पदराशी हेच करायचा.

नांदेडवालीची नवी टोपी घेऊन गेले तेव्हा तिने ती आधी उलटी केली. आतून बोट फिरवलं, पूर्ण गोल, मंगलदास मार्केटात बायका कापड चिमटीत धरून बघतात तसं. मग घातली. मी वाट बघतेय.

"टोचत नाही," ती म्हणाली. "पण मला पिवळी नको होती. निळी हवी."

निळं कापड धुवून टाकलंय दोरीवर. दोन दिवस झाले, या पावसात वाळेल तर शपथ.