सिगरेट सोडल्यानंतरचे पहिले तीन महिने : काय होतं, का होतं आणि मी काय केलं

सिगरेट सोडलेला माणूस परत टपरीवर दिसतो तेव्हा त्याचं उत्तर ठरलेलं असतं. "अरे, सोडल्यापासून तब्येतच बिघडली. पोट साफ होईना, खोकला वाढला, रात्रभर झोप नाही, घरात सगळ्यांवर खेकसत होतो." यातला शब्दन् शब्द खरा असतो. फक्त यातल्या प्रत्येक त्रासाला वेगळं कारण आहे, वेगळी मुदत आहे आणि बहुतेकांवर साधा उपाय आहे. ही माहिती आधी गोळा केली म्हणून माझे पहिले महिने निभावले. निश्चयाचा वाटा त्यात कमीच.

सुरुवात तारखेपासून. निकोटिन म्हणजे तंबाखूतलं सवय लावणारं द्रव्य. रक्तातलं निकोटिन साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी जवळजवळ काहीच उरत नाही. त्यामुळे दुसरा आणि तिसरा दिवस सगळ्यात वाईट. ते ऑफिसात घालवायचे नसतील तर पहिला दिवस शुक्रवार धरावा. शनिवारी ज्यांची 'बैठक' असते त्यांनी मात्र सोमवार धरलेला बरा. आदल्या रात्री लायटर, ॲशट्रे, गाडीच्या खणातलं पाकीट, जॅकेटच्या खिशातली एखादी विसरलेली सिगरेट, सगळं घराबाहेर काढायचं. 'इमर्जन्सीसाठी एक' ठेवली की इमर्जन्सी त्याच रात्री येते.

आता गम, म्हणजे सिगरेटऐवजी धुराविना थोडं निकोटिन देऊन तलफ कमी करणारं औषध. मेडिकलमध्ये निकोटिन गम 2 आणि 4 मिलिग्रॅमचे मिळतात. 2 चा चिठ्ठीशिवाय मिळतो, 4 साठी डॉक्टरांना विचारावं. निवडायचा नियम सोपा आहे : उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगरेट लागत असेल तर 4, नाहीतर 2. "गम घेऊन बघितला, काही उपयोग नाही," म्हणणाऱ्यांनी तो बहुधा चुइंगमसारखा चघळलेला असतो. तसं केलं की निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, तिथून यकृतात जाऊन बरंचसं वाया जातं, आणि हाती लागतात उचक्या, जळजळ आणि मळमळ. गम सावकाश, थांबून थांबून चावायचा. तिखट चव किंवा झिणझिण्या आल्या की थांबायचं आणि तंबाखूचा बार धरतात तसा गाल आणि हिरडीच्या मध्ये धरून ठेवायचा. झिणझिण्या ओसरल्या की पुन्हा दोन-चारदा चावायचं आणि जागा बदलायची. असा एक गम अर्धा तास चालतो. त्याआधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत कॉफी, लिंबू सरबत, कोल्ड्रिंक नको, कारण तोंड आंबट असलं की निकोटिन शोषलं जात नाही. मी चहाही त्यातच धरला.

दुसरी अडचण म्हणजे कंजुषी. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, सातव्या ते नवव्या आठवड्यात दर दोन-चार तासांनी, दहाव्या ते बाराव्यात दर चार-आठ तासांनी, असं वेळापत्रक आहे. दिवसाला जास्तीत जास्त चोवीस. लोक दिवसाला दोन-तीन घेतात, तेही तलफ डोक्यात चढल्यावर, आणि पंधरवड्यात बंद करतात. घड्याळ लावून घेतलेला गम जास्त उपयोगी पडतो, कारण त्याचा परिणाम यायलाच काही मिनिटं लागतात. कवळी असेल तर गम चिकटतो, अशांनी पॅच, म्हणजे कातडीवर चिकटवायची निकोटिनची पट्टी बघावी : 21, 14 आणि 7 मिलिग्रॅम, दिवसाला दहाहून जास्त सिगरेटी असतील तर 21 पासून सुरुवात. जागा रोज बदलायची, नाहीतर कातडी लाल होऊन खाजते. विचित्र स्वप्नं पडायला लागली तर झोपताना काढून ठेवायचा. तलफ कमी करणाऱ्या व्हरेनिक्लिनच्या गोळ्याही आहेत. त्या सिगरेट सोडायच्या आठवडाभर आधी सुरू करतात, साधारण बारा आठवडे चालतात, पण त्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. गर्भवतींनी आणि नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी गम-पॅचही विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

यानंतर चहा, कारण याबद्दल कोणीच बोलत नाही. सिगरेटच्या धुरातल्या काही रसायनांमुळे यकृतातलं कॅफीन मोडणारं विकर (एन्झाइम) जास्त जोरात काम करतं. धूर थांबला की आठवड्याभरात त्याचा जोर उतरतो. म्हणजे कप तेवढेच, पण रक्तातलं कॅफीन जवळपास दुप्पट. छातीत धडधड, हात थरथरणं, अस्वस्थपणा, रात्री टक्क डोळे उघडे, ही लक्षणं हुबेहूब सिगरेट सोडल्याच्या लक्षणांसारखीच दिसतात, आणि माणूस दोष देतो सिगरेट नसण्याला. गम घेऊनही हे टळत नाही, कारण हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नव्हे. पहिल्या दिवसापासून चहा-कॉफी निम्म्यावर आणायची आणि दुपारी चारनंतर बंद. एवढ्यानेच माझी झोप पुष्कळशी ताळ्यावर आली. दम्यासाठी थिओफिलीन किंवा मानसिक आजारासाठी क्लोझापीन, ओलान्झापीन घेणाऱ्यांसाठी तर हे फार महत्त्वाचं आहे. हीच यंत्रणा ती औषधंही मोडते, त्यामुळे धूर थांबला की नेहमीचाच डोस जास्त होऊ शकतो. सोडायच्या आधीच डॉक्टरांना सांगावं.

पोटाचं गणितही सरळ आहे. निकोटिन आतड्यांना हालवतं, ते थांबलं की आतडी सुस्तावतात. रात्री दोन चमचे इसबगोल मोठ्या पेलाभर पाण्यातून, सकाळी उठल्यावर कोमट पाणी, थोडं चालणं, आणि कळ आली न आली तरी ठरलेल्या वेळी बसणं. दोन ते चार आठवड्यांत गाडी रुळावर येते. संडासात सिगरेट घेऊन जायची सवय असेल तर तेवढे दिवस वर्तमानपत्र न्यावं. घरच्यांनी नावं ठेवली तरी चालेल.

खोकला वाढतो तो श्वासनलिकेतले सूक्ष्म केस पुन्हा कामाला लागल्यामुळे. इतकी वर्षं साचलेला चिकटा ते वर ढकलतात. काही आठवडे हे चालतं. पण दोन आठवड्यांवर खोकला राहिला तर थुंकी तपासून घ्यावी, 'सोडल्याचा खोकला' म्हणून घरी बसू नये. थुंकीत रक्त दिसलं तर लगेच. तोंड येतं, तेही काही दिवसांपुरतं. भूक वाढते, वर्षभरात सरासरी चार-पाच किलो वजन वाढतं. फुटाणे, काकडी, गाजर हाताशी ठेवावं. वजनाकडे पहिले तीन महिने मी मुद्दाम फारसं बघितलं नाही, एका वेळी एकच लढाई.

महिना उलटला की शरीराची कुरकुर जवळजवळ संपते, आणि नेमकी तेव्हाच जास्त माणसं घसरतात असं मी पाहिलं आहे. गम बंद केलेला असतो, धाक गेलेला असतो आणि डोक्यात येतं, 'आता सुटलीच आहे, एक ओढली तर काय.' महाराष्ट्रात सुटी सिगरेट विकायला 2020 मध्ये बंदी आली, पण टपरीवर सुटी मिळतेच. पाकीट घ्यायचं असतं तर माणूस चार वेळा विचार करेल, एका सिगरेटीला कोण विचार करतो? पूर्वी निदान सुटे पैसे नसायचे, आता टपरीवरही क्यूआर कोड आहे. पहिला महिना टपरी पूर्ण बंद ठेवावी. नंतर मित्रांबरोबर गेलात तरी आधी गम तोंडात आणि ज्या हातात सिगरेट असायची त्याच हातात पाण्याची बाटली. जेवण झाल्यावर पानावरून लगेच उठून दात घासायचे, कारण तिथेच रेंगाळलं तर तलफ येते. आली तरी ती पाच-दहा मिनिटांत उतरते. तेवढा वेळ जिना चढा, कुणाला तरी फोन करा. दारू मात्र तीन महिने टाळलेलीच बरी. पहिल्या पेगनंतर वरच्या कुठल्याच युक्त्या आठवत नाहीत.

आणि बदली नको. सिगरेट सोडून मावा, मिश्री किंवा तंबाखू-चुना धरला तर निकोटिन तेच, फक्त धोका फुप्फुसांतून तोंडात येतो. ई-सिगरेटच्या विक्रीवर देशात 2019 पासून बंदीच आहे.

चुकून एक ओढली गेलीच तर पॅच काढून फेकू नये. पॅच लावून सिगरेट ओढली की हृदयविकाराचा झटका येतो, ही भीती निराधार आहे. उरलेलं पाकीट त्याच क्षणी भिजवून टाकावं आणि गम-पॅचचं वेळापत्रक होतं तिथूनच पुढे चालू ठेवावं. सिगरेटच्या पाकिटावर 1800-11-2356 हा क्रमांक छापलेला असतो. ती सरकारची मोफत मदतवाहिनी आहे, 2016 पासून चालू आहे. समुपदेशक तारीख ठरवून देतात आणि पुढे स्वतः फोन करून विचारपूस करतात. घसरल्यावर फोन करण्यापेक्षा सोडायच्या आठवडाभर आधी केलेला बरा.

तिसऱ्या महिन्यात गम कमी करताना दिवसभरातले आधी जातात, रात्रीच्या जेवणानंतरचा शेवटपर्यंत चिकटून राहतो. तो अर्धा कापून, मग नुसती बडीशेप, असा उतरवता येतो. गमचीच सवय लागेल म्हणून धसका घेऊन बारा आठवड्यांच्या आत झटकन बंद करण्यात काही शहाणपण नाही. एक स्ट्रिप मात्र नंतरही बॅगेत राहू द्यावी, लग्नसराई, 31 डिसेंबर आणि दवाखान्यातल्या रात्रींसाठी. एक्स्पायरीची तारीख बघून.