तुम्ही विचारलंत म्हणून : १२ विजय, ३३ पराभव

पिट्सबर्गला आमच्याकडे गणपती आणि अमेरिकन फुटबॉलचा हंगाम जवळजवळ बरोबरच येतात. आरती होते, प्रसाद वाटून होतो आणि निम्मी मंडळी टीव्हीसमोर सरकतात. तिथे दरवर्षी कोणी ना कोणी, बहुधा नुकताच अमेरिकेत आलेला एखादा तरुण, मला विचारतो, "काका, तुम्ही एवढं डिक लबो, डिक लबो करता. पण मुख्य प्रशिक्षक म्हणून तर तो १२ सामने जिंकला आणि ३३ हरला. मग तुमचा एवढा लाडका कसा?"

आकडा खरा आहे. २००० साली सिनसिनाटी बेंगल्स पहिले तिन्ही सामने हरले, मुख्य प्रशिक्षकाने पद सोडलं आणि बचाव सांभाळणाऱ्या लबोंच्या हाती संघ आला. उरलेल्या हंगामात ४ विजय, ९ पराभव. पुढच्या वर्षी ६ आणि १०. त्याच्या पुढच्या वर्षी २ आणि १४. मग त्यांना काढलं. तेव्हा ते ६५ वर्षांचे होते.

मला हा माणूस आवडतो तो त्यानंतर त्यांनी जे केलं त्यामुळे. एक वर्ष ते बफेलोला साहाय्यक म्हणून राहिले आणि २००४ साली पिट्सबर्ग स्टीलर्सकडे परत आले, आपल्या जुन्याच कामावर. डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे बचावाचे गुरू. या खेळात आक्रमणाचे अकरा वेगळे, बचावाचे अकरा वेगळे, आणि दोघांचे गुरूही वेगळे. प्रत्येक प्लेच्या, म्हणजे प्रत्येक चालीच्या आधी, समोरचा संघ मांडणी करत असतानाच, आपल्या अकरांनी काय करायचं हे या माणसाला ठरवावं लागतं. एका सामन्यात साठेक वेळा. नाव मुख्य प्रशिक्षकाचं होतं, टीव्हीवर चेहराही त्याचाच दिसतो.

या दुसऱ्या क्रमांकाच्या जागेला लोक पायरी समजतात. वर चढलात तर ठीक, उतरलात तर हरलात. मला हे पटत नाही, आणि त्याचं कारण माझ्या स्वतःच्या नोकरीत आहे. मी पुलांची तपासणी करतो. हातोडीने काँक्रीट ठोकत जायचं, आवाज पोकळ आला की तिथे खडूने खूण करायची. मध्ये मला दोन वर्षं विभागप्रमुख केलं होतं. बैठका, अंदाजपत्रकं, माणसांच्या रजा. मी विनंती करून पुन्हा पुलाखाली गेलो. आई फोनवर म्हणाली, "अरे, साहेब झाला होतास ना?" तिला मी लबोंची गोष्ट सांगितली होती. तुम्हालाही तीच सांगतो.

ओहायो राज्यात लंडन नावाचं एक लहान गाव आहे, तिथला हा १९३७चा जन्म. ओहायो स्टेट विद्यापीठाकडून खेळले. १९५९ साली क्लीव्हलंड ब्राउन्सने निवडलं आणि हंगाम सुरू होण्याआधीच सोडूनही दिलं. डेट्रॉइट लायन्सने घेतलं, तिथे १४ हंगाम कॉर्नरबॅक म्हणून काढले. कॉर्नरबॅक म्हणजे मैदानाच्या कडेला समोरच्या सगळ्यात वेगवान खेळाडूला एकट्याने सांभाळणारा. चुकला तर सगळ्या स्टेडियमला दिसतं. या जागेवर लबो सलग १७१ सामने उभे राहिले आणि समोरच्या संघाचे ६२ पास त्यांनी हवेतच पळवले. १९७३पासून प्रशिक्षक. फिलाडेल्फिया, ग्रीन बे, आणि १९८० साली सिनसिनाटी.

सिनसिनाटीत असताना त्यांनी जे जमवलं, ते मला समजलं कबड्डीमुळे, म्हणून थोडं थांबून सांगतो.

क्वार्टरबॅक म्हणजे पास फेकणारा. त्याच्यावर साधारण चार धिप्पाड गडी धावून जातात, बाकीचे सात मागे राहून पास घेणाऱ्यांना सांभाळतात. जास्त दडपण आणायचं तर पाच, सहा, सात पाठवायचे, म्हणजे ब्लिट्झ. पण जितके पुढे गेले तितकी मागची जागा ओस. ऐंशीच्या दशकात बिल वॉल्श यांच्या सान फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सनी झटपट, आखूड पासांचा खेळ असा बसवला होता की ज्या जागेतून ब्लिट्झवाला निघाला, बरोबर तिथेच चेंडू पडायचा. बेंगल्स याच संघाकडून दोन सुपर बोल, म्हणजे हंगामाचे अंतिम सामने, हरले, १९८२ आणि १९८९च्या जानेवारीत. लबो दोन्ही वेळा त्या हरलेल्या बाजूला होते.

बिल आर्न्सपार्गर या जुन्या जाणत्या प्रशिक्षकाकडून त्यांना एक कल्पना मिळाली होती : दडपण आणा, पण सुरक्षित राहून. लबोंनी तिची उलटापालट केली ती अशी. नेहमी धावून जाणारा सव्वाशे किलोच्या आसपासचा गडी पुढे झेपावल्यासारखं करतो आणि गपकन मागे सरकतो, नेमका त्या आखूड पासाच्या वाटेत. धाव घेतो भलताच कोणी, कधी मधल्या फळीतला लाइनबॅकर, कधी कडेचा कॉर्नरबॅक. धावणारे मोजले तर पाचच, कधी चारच. पण कोणते, हे क्वार्टरबॅकला कळत नाही. तो मोकळी जागा बघून फेकतो आणि तिथे कोणी उभा असतो. याला झोन ब्लिट्झ म्हणतात. आज इथल्या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये तो न वापरणारा संघ सापडणार नाही.

सांगली जिल्ह्यात शाळेच्या संघातून मी डावा कोपरा खेळायचो. चढाईला आलेल्याची नजर कोपऱ्याच्या पायांवर असते, कारण घोटा तोच धरणार. आमचे सर शिकवायचे, कोपऱ्याने खाली वाकून त्याला गुंतवायचं, आणि धडक मारायची आतल्या कव्हरने. पिट्सबर्गच्या टीव्हीवर मी पहिल्यांदा झोन ब्लिट्झ पाहिला तेव्हा मला आमच्या मैदानातली लाल माती दिसली. तोवर हा खेळ मला नुसती टकरा-टकरी वाटायचा.

२००४नंतरची वर्षं मी इथेच होतो, म्हणून ती माझी आहेत असंच मला वाटतं. ५ फेब्रुवारी २००६, स्टीलर्सनी सीॲटल सीहॉक्सना २१-१० हरवलं. लबोंचा या लीगमधला तो ४७वा हंगाम, आणि सुपर बोलचा पहिला विजय. सामना होता डेट्रॉइटला, जिथे त्यांनी खेळाडू म्हणून १४ हंगाम घालवले त्या शहरात. त्या रात्री मी घराबाहेर येऊन थंडीत बराच वेळ नुसता उभा होतो.

२००८ साली त्यांच्या बचावाने १६ सामन्यांत फक्त २२३ गुण दिले, लीगमध्ये सगळ्यांत कमी. त्या हंगामाचा शेवट अमेरिकेतल्या कोणत्याही फुटबॉलवेड्याला विचारा. १ फेब्रुवारी २००९, टॅम्पा. मध्यंतराला १८ सेकंद उरली आहेत, ॲरिझोना कार्डिनल्स गुणरेषेपासून एक यार्डावर येऊन ठेपले आहेत. स्टीलर्सचा जेम्स हॅरिसन, ज्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, कोणीही घेतलं नव्हतं, त्याने खरं तर क्वार्टरबॅकवर धावून जायचं होतं. त्याने तसं दाखवलं आणि मागे सरला. कार्डिनल्सच्या कर्ट वॉर्नरने चेंडू फेकला तो सरळ त्याच्या हातात. हॅरिसन तिथून शंभर यार्ड धावला आणि पलीकडच्या एंड झोनमध्ये, म्हणजे गुण मिळतात त्या टोकाच्या पट्ट्यात, पडला तेव्हा घड्याळ संपलेलं होतं. शेवटी स्टीलर्स २७-२३ जिंकले. मागे सरण्याचा निर्णय हॅरिसनचा होता, श्रेय त्याचंच. पण पुढे झेपावणाऱ्याने मागे सरावं, हे त्या अंगापिंडाच्या माणसांना गेली वीस-पंचवीस वर्षं शिकवत कोण आलं होतं?

आता १२ आणि ३३बद्दल. ते अपयश मी झाकत नाही, लबोंनीही कधी झाकलं नसावं. एका माणसाला एक काम येतं, दुसरं येत नाही. ६५व्या वर्षी, सगळ्या देशासमोर हरल्यावर, जे येतं त्याकडे मान वर करून परत जाणं मला फार मोठं वाटतं. तबलजीने एकदा स्वतः गाऊन पाहिलं आणि मैफल रंगली नाही, म्हणून त्याची साथ कमी दर्जाची होत नाही. पुन्हा तबल्यावर बसलेल्या त्या माणसाकडे बघताना मला कुठेही उतरण दिसत नाही.

आणि त्यांच्या हाताखालच्या माणसांनाही ती दिसली नाही. २००७च्या ऑगस्टमध्ये स्टीलर्स कँटनला सराव सामना खेळायला गेले, जिथे या खेळातल्या थोरांचा सन्मान करणारं हॉल ऑफ फेम आहे. बचावाचे खेळाडू तिथे पोहोचले ते लबोंची डेट्रॉइटची जुनी ४४ नंबरची जर्सी घालून, या माणसाला आत घ्या असं सांगायला. २०१० साली खरंच घेतलं, तेही खेळाडू म्हणून. खेळणं सोडून ३८ वर्षं होत आली होती. पुढे टेनेसी टायटन्सकडे तीन हंगाम काढून ८०व्या वर्षी ते थांबले. खेळाडू आणि प्रशिक्षक मिळून सलग ५९ हंगाम.

अजून एक गोष्ट, जी मी त्या तरुणांना आवर्जून सांगतो. नाताळच्या सुमाराला लबो सगळ्या खेळाडूंना एकत्र बसवायचे आणि नाताळच्या आदल्या रात्रीची, इथल्या प्रत्येक मुलाने ऐकलेली ती जुनी कविता म्हणून दाखवायचे. हातात कागद नसायचा, पूर्ण पाठ. आणि रविवारी समोरच्याला जमिनीवर आपटणारे ते अजस्र गडी, लहान पोरांसारखे गप्प बसून शेवटच्या ओळीपर्यंत ऐकायचे.