आमची वाटचाल : डागडुजीवाले

फाटलेल्या दगडी भिंती मजबूत करून देतो, म्हणून तालुक्यात अजूनही काही जण आम्हाला ‘डागडुजीवाले’ म्हणतात. म्हणू द्या. हे नाव ज्याने पाडलं त्याच्या स्लॅबखाली आज बादल्या ठेवाव्या लागतात.

30 सप्टेंबर 1993 ची भूकंपाची पहाट इथल्या माणसाला सांगायला नको. किल्लारी, सास्तूर, होळी, मंगरूळ; गणपती बोळवून झोपलेली माणसं उठलीच नाहीत. पुढे 52 गावं नव्या जागी वसली, त्यांचे फोटो छापून आले. पण ज्यांची घरं उभी होती नि भिंती फाटल्या होत्या, त्या गावांचं काय? तिथं दुरुस्तीचे पैसे हप्त्याहप्त्याने घरमालकाच्याच खात्यात आले आणि काम ज्याचं त्याने करून घ्यायचं ठरलं. गावोगाव बायांमधून संवाद सहायक, म्हणजे गावकरी नि सरकार यांच्यातला दुवा, नेमल्या. आमचा धंदा त्यातून उभा राहिला.

माझे पहिले भागीदार दगडकामातले मिस्त्री, सगळे त्यांना मामा म्हणत. त्यांची आखूड पहार अजून आमच्या दुकानात आहे. जुन्या भिंतीत दाबदगड, म्हणजे दोन्ही तोंडं बांधणारा आरपार तुकडा, घालायचा तर घण चालत नाही, सगळी भिंत खिळखिळी होते. मामा पहारीचं टोक सांध्यात सारायचे, दगड हलवून हलवून सैल करायचे आणि हाताने काढायचे. भोक दोन्ही तोंडांना रुंद, मध्ये अरुंद. त्यात दोन्हीकडे आकडा केलेली आठ एमएमची सळई, वर काँक्रीट. साधारण मीटरभर अंतरावर एक. मग दारं-खिडक्यांच्या वरून जाळीचा पट्टा.

पोरं शिकवून तयार केली, सळई-सिमेंट उधारीवर आणलं, आणि तेव्हाच शेजारच्या गावचा एक ठेकेदार पारावर बसून सांगू लागला, “दगडाच्या घरात परत झोपता का? त्याच पैशात विटेची खोली नि वर स्लॅब देतो.” घाबरलेल्या माणसाला आणखी काय पाहिजे! पोटात भीती बसलेली. लोक रात्र रात्र पत्र्याच्या शेडमध्ये काढत होते. एकेक करून सगळी कामं गेली. अंगणात एक खोली उठली आणि मागचं घर, ज्यात गुरं, धान्य नि म्हातारी माणसं राहतच होती, तसंच फाटकं राहिलं. सिमेंटवाला दारात येऊन बसायचा. बायकोचे दागिने गहाण पडले. मामांनी त्या सबंध हंगामात एक रुपया उचलला नाही.

वाचवलं ते एका काकूंनी. त्या स्वतः संवाद सहायक. मामांनी पहिलं भोक पाडलं तेव्हा त्यांनी कोपरापर्यंत हात घातला आणि ओरडल्या, “आगं बया, ह्या तर दोन भिती हायत! मधी नुसता चुरा भरलाय!” दोन्ही तोंडं एकमेकांना बांधलेलीच नाहीत, म्हणून भिंत फुगते नि बाहेर पडते, हे मी महिनाभर समजावून सांगत होतो. काकूंनी बचत गटाच्या सगळ्या बायांना ओळीने उभं केलं आणि प्रत्येकीला त्या भोकात हात घालायला लावला. त्या गल्लीतली कामं आम्हाला मिळाली, उधारी फिटली. 2001 ला भुजचा भूकंप झाला तेव्हा आपल्याकडच्या बाया कच्छला जाऊन तिथल्या बायांना हेच सांगून आल्या. त्याची बातमी किती जणांनी वाचली?

पुढची वर्षं बरी गेली.

सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीनंतर पुन्हा फोन वाढले आहेत. माळवदवाल्यांना, म्हणजे ज्यांचं छप्पर सपाट नि मातीचं आहे त्यांना, एक सांगतो. गळतं म्हणून दरसाल वर पांढऱ्या मातीची पाटी टाकू नका. कैक घरांवर हातभर थर चढलाय, तेवढं ओझं तुळया पेलतात म्हणून तुम्ही जिवंत आहात. जुनी माती उतरवा, प्लॅस्टिकचा कागद अंथरा आणि वर पातळ थर द्या. खांब-तुळईच्या जोडाला तिरकी लाकडी पट्टी ठोका. हे काम गावचा सुतारही करतो, आम्हाला बोलवायची गरज नाही.

भिंत बघायला आम्ही पैसे घेत नाही. फक्त भोक पाडताना घरातली बाई समोर पाहिजे, नाहीतर आम्ही पहार लावत नाही.